तारेची वीज

माझ्या हातून आजवर पुष्कळ विजा पडल्या. बहुतेक राक्षसांवर. काही जादूगारांच्या काठीतून निघून ड्रॅगनच्या जबड्यात शिरल्या, आणि एक तर चक्क उंदरावर पडली. तो उंदीर म्हणे कुठल्या तरी सैन्याचा सेनापती होता. संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असा निरोप पाठवला तेव्हा पहिली शंका मला हीच आली की यांना गंमत हवी आहे. साठी उलटलेली बाई सोलापुरात बसून बाहुल्यांवर विजा पाडते, हे वाचून लोक हसतील. हसू देत. पण मी जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी मूळची चादरीवाली. म्हणजे विणणारी नव्हे, नक्षीवाली. चादरीवर मोर काढायचा तर तो आधी बारीक चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढावा लागे, त्यावरून मागावर नक्षी उतरायची. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या चौकटींत गेली. पुढे ते काम कॉम्प्युटर करू लागला आणि मी घरी बसले. हात मात्र गप्प बसेनात. पुण्यात एक दुकान आहे, टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचं. त्यात अंगठ्याएवढी माणसं, राक्षस, घोडेस्वार असतात. ते कोरे येतात, करड्या रंगाचे, आणि खेळणाऱ्यांना ते रंगवलेले हवे असतात. ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका टाकणं मला जड गेलं नाही.

वीज कशी करायची ते मात्र मी स्वतः शोधलं. रंगानं काढलेली वीज बाहुलीला चिकटून बसते, हवेत उभी राहत नाही. मग मी पाणीपंपाच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून टाकाऊ तांब्याची तार आणू लागले. दोन-तीन तारांना पीळ द्यायचा आणि मधेमधे एकेक तार पिळातून सोडवून बाहेर काढायची. त्या झाल्या फांद्या. मग टोकदार पकडीनं वाकवायचं. सगळे कोन सारखे आले तर वीज दिसत नाही, साडीचा काठ दिसतो. तारेवरचं लाखेसारखं आवरण खरवडलं नाही तर रंग धरत नाही. शेवटी बाहुलीत हाताच्या ड्रिलनं सुईएवढं भोक पाडून तार त्यात रुतवायची, कारण नुसत्या गोंदावर ती उभी राहत नाही.

या धंद्यात संशय फार. बंगळूरच्या एका गिऱ्हाइकाला वाटे की मी रंगवत नाही, मशीनवर छापते. त्याच्यासाठी फोन उभा करून मला त्याच्यासमोर रंगवावं लागलं. हैदराबादच्या एकाला वाटे की त्याचा ड्रॅगन मी बदलून दुसऱ्याचा दिला. मी तरी कुठे कमी? पार्सलचा टेप सैल दिसला तरी मी कुरिअरवाल्याकडे डोळे बारीक करून बघते. माझी आई म्हणायची, ही मुलगी देवाच्या प्रसादातसुद्धा केस शोधेल.

तर अशा माझ्याकडे एका रविवारी महादेवराव आले.

चाळिशीचे असतील. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, पायात धुळीच्या चपला. बार्शीच्या एका शाळेत क्लार्क, मूळ गाव सांगोल्याकडचं. पुण्याच्या त्याच दुकानात आता फोटोवरून माणसाची हुबेहूब बाहुली मशीनवर काढून देतात. लग्नातली जोडपी काढून घेतात तशी. तिथून त्यांनी दोन बाहुल्या करून आणल्या होत्या आणि दुकानदारानं माझा पत्ता दिला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि दोन माणसं माझ्या टेबलावर उभी केली. एक ते स्वतः होते, हे मी लगेच ओळखलं. दुसरा फेटा बांधलेला, खांद्यावर घोंगडं घेतलेला मेंढपाळ.

“हे रंगवायचं. मागं लिंबाचं झाड. बाजूला हीर, हिरीवर मोटर. लांब पत्र्याचं शेड,” ते म्हणाले. “मी शेडात उबा.”

“आणि वीज?”

“ह्याच्यावर.” त्यांनी फेटेवाल्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. “वरनं आली पायजे. झाडातनं ह्याच्या खांद्यात.”

आजवर माझ्या विजा राक्षसांवर नाहीतर ड्रॅगनवर पडल्या होत्या. कुणा जित्याजागत्या चेहऱ्याच्या माणसावर पाडली नव्हती.

“हे कोण?” मी विचारलं.

“हाय एक.”

“काय करतात?”

“काय करनार? तुमी करून द्या की ताई. पुडच्या रविवारी येतो.” त्यांनी फेटेवाल्याचा एक फोटो रंगांसाठी ठेवला आणि निघून गेले.

मी काम घेतलं खरं, पण तो चेहरा मला सोडेना. तिरकं हसणारा माणूस होता, एका बाजूची मिशी जरा खाली. मला वाटू लागलं की हा कुणीतरी जिवंत आहे, याचं आणि त्या क्लार्कचं वाकडं आहे, आणि तो माझ्या हातून त्याच्यावर वीज पाडून घेतोय. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत म्हणत आले. तरी खांद्याला भोक पाडताना मी मनातल्या मनात त्या बाहुलीला म्हणाले, बाबा, माझ्यावर राग धरू नकोस.

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी सुटलं की घरमालकीण नरसम्मा भाडेकरूंच्या दारोदार ओरडत जाते. त्या आठवड्यात ती तशीच ओरडत माझ्या दारात आली, मी भांड्यांना धावले, आणि परत येऊन बघते तर ती माझ्या टेबलापाशी उभी. टेबलावर माणसाचा फोटो. फोटोसमोर त्याच माणसाची बाहुली. बाहुलीच्या खांद्यात तांब्याची तार.

“हे काय करायलाव तुमी?” ती म्हणाली.

“काम आहे, नरसम्मा. वीज आहे ती.”

“वीज?” तिनं हात मागे बांधून घेतले, जणू काही चुकून लागेल. “माझी सून पंधरवडा झाला तापानं पडून आहे. डॉक्टरला कळंना. अन् माझ्या घरात फोटो ठेवून बाहुलीत तार टोचायलाव?”

“तुमच्या सुनेचा फोटो आहे का हा?”

“आज याचा असेल. काल कुणाचा होता, मला काय माहीत?”

आमचा तिचा वीस वर्षांचा शेजार. तिच्या मुलाच्या लग्नात रुखवतातली बाहुला-बाहुली मी रंगवली होती. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांत त्यातलं काही नव्हतं. खोली सोडा, एवढंच ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कळलं. समोरच्या घरानं माझ्या तोंडावर खिडकी लावून घेतली. ज्यांच्या मुली माझ्याकडे रंग बघायला येत, त्या यायच्या थांबल्या. माझ्या दाराला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली, तीही आतल्या बाजूला तोंड करून. घरात कुणी येऊ नये म्हणून बांधतात तशी नव्हे, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून.

राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. या वयात नवी खोली कुठे शोधायची? आणि असल्या कारणानं खोली सुटली तर दुसरी देणार कोण? मी नरसम्माला सांगितलं, “रविवारी तो माणूस येणार आहे. तुम्ही इथे बसा आणि त्यालाच विचारा. मलाही विचारायचंच आहे.” हे शेवटचं वाक्य ऐकून ती जरा चपापली.

रविवारी ती खरंच माझ्या पलंगावर मांडी घालून बसली. महादेवराव दारात आले तसं तिनं त्यांना आत पाऊलही टाकू दिलं नाही.

“हा माणूस कोण? जिवंत आहे का मेलाय?”

महादेवरावांनी माझ्याकडे बघितलं. 

“माजा थोरला भाऊ,” ते म्हणाले. “बिरुदेव. गेल्या साली वळवाच्या पावसात गेला. ईज पडून.”

“मग मेलेल्याला परत कशाला मारायलाव?” नरसम्मानं विचारलं.

तेव्हा ते उंबऱ्यातच बसले. हळूहळू सगळं सांगू लागले. सुट्टीला गावी गेले होते. दोघे भाऊ मेंढरं घेऊन रानात होते. आभाळ आलं, वीज पडली, कडुलिंबाखाली उभा असलेला बिरुदेव जागीच गेला. झाड उभं चिरलं, ते सगळ्या गावानं पाहिलं. पण झाडाजवळच विहीर होती, विहिरीवरच्या मोटारीची वायर उघडी होती, आणि ती वायर महादेवरावांनी आदल्या दिवशी जोडलेली होती.

“गावात म्हनत्यात, वायरनं गेला आन् ह्यानं ईज सांगितली. डाक्टर ईज म्हनला तरी म्हनत्यात. गावाचं जाऊ द्या. वहिनी बी तसंच म्हनती. तिच्यासमोर मी तोंड उगडलं की ती उटून जाती. माजं ऐकतच न्हाय. मग म्हनलं, बोलायचंच नगं. समोर ठेवायचं. बग, मी शेडात व्हतो, दादा झाडाखाली व्हता, ईज अशी आली.”

 नरसम्मा उठली, आपल्या घरातून चहा घेऊन आली आणि त्यांच्या हातात कप देताना म्हणाली, “खरं असेल तर देव बघून घेईल. खोटं असलं तरी तोच बघेल.” खोली सोडण्याचं तिनं पुन्हा काढलं नाही. लिंबू-मिरची मात्र तशीच राहिली. सुनेचा ताप उतरल्यावर तिनं ती स्वतःच्या हातानं काढली, आणि मी बघितलं तरी बघितलं नाही असं केलं.

माझा संशय अर्धा फिटला होता. अर्धा होता तिथेच. मी जेव्हा देखावा मांडते तेव्हा मला बारीक गोष्टी विचाराव्या लागतात. शेडातून झाड दिसतं का? कोणत्या बाजूनं? पाऊस सुरू झाला होता का? म्हणजे कपडे ओले रंगवायचे का? वीज, झाड, मेंढरं यांबद्दल महादेवराव पटापट सांगत. शेडाबद्दल विचारलं की अडखळत. पहिल्यांदा म्हणाले, दारात उभा होतो. दुसऱ्यांदा म्हणाले, आत होतो. आत असतील तर त्यांनी वीज खांद्यात शिरताना पाहिली कशी? मी हे बोलले नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं तसं करून द्यायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि शेडाच्या दारात त्यांना चिकटवून टाकलं. गोंद वाळला. झाड पुरं झालं. वीज बसली.

न्यायला यायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. “ताई, मला तितनं काडा.”

“कुठून?”

“शेडातनं. झाडाजवळ आना. दादाच्या समोर. आन् माजा उजवा हात बदलायचा. असा.” फोनवर असा म्हणजे कसा? मी फोटो पाठवायला सांगितला. आला. त्यांनी स्वतःच्याच हाताचा फोटो काढून पाठवला होता. पुढे केलेला, तळवा समोर.

मी तो फोटो मोठा करून बघत बसले. तळवा समोर धरलेला हात काय करत असतो? ढकलतो. अडवतो. नको म्हणतो. लिंबाखाली उभ्या असलेल्या माणसासमोर, विहिरीच्या आणि उघड्या वायरीच्या बाजूला, त्याच्याकडे तळवा करून दुसरा माणूस.  या माणसानं एकदा जागा बदलली, त्याला मी आणखी किती बदल करून देऊ? आणि मी जे करतेय तो देखावा आहे की कुणाचा खोटा पुरावा?

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी काम केलेलं नव्हतं. “आधी सांगा,” मी म्हटलं, “हा हात ढकलतोय का?”

त्यांचा चेहरा पडला. पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. गालाला आधार उरत नाही.

“न्हाय हो ताई. थांब म्हनतोय.” त्यांनी देखाव्यातल्या शेडाकडे बोट केलं. “मी शेडात नव्हतोच. मी बी झाडाखालीच व्हतो. पावसाचे थेंब यायला लागलं. दादा म्हनला, चल शेडात. मी म्हनलो, तू थांब हितं मेंढरांपाशी, मी ताडपत्री आनतो. असा हात केला आन् पळालो. निम्म्या वाटंत व्हतो, मागं उजेड पडला.”

“मग शेडात होतो असं का सांगितलं?”

“थांब कुनी म्हनलं, हे तिला कसं सांगू?”

मी बाहुलीचा हात कोपरात कापला, तारेचा सांधा घालून नवा बसवला, बोटं मिटू दिली नाहीत. तसं करायला बराच वेळ लागला. ते समोर बसून बघत होते. मला खरं वाटलं होतं का? वाटलं होतं. पण आधी एकदा वाटलेलं खोटं निघालं होतं, म्हणून मी तोलूनमापून वाटू देत होते. ते देखाव्याचं खोकं घेऊन गेले. खोक्याच्या बुडाला माझ्या पत्त्याची चिठ्ठी असते, तशी त्यालाही होती.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारच्या उन्हात एक बाई दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, कडेवर माझं खोकं, मूल घेतल्यासारखं.

“तुमीच केलं न्हवं हे?” ती म्हणाली. “मी कमल. बिरुदेवाची बायको.”

मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. तिनं खोकं उघडून देखावा टेबलावर ठेवला आणि तारेच्या विजेला नखानं टिचकी मारली. “ही ईज कशाची केली?”

“तांब्याची तार.”

“व्हय. तुमी तारंची ईज केली. गाव म्हंतं, त्यानं बी तेच केलं.”

 ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीसुद्धा त्या विहिरीवर होते.

“मला एकच सांगा. भावजी वरीसभर सांगत आलं, मी शेडात व्हतो. हितं झाडाखाली हायत. त्यास्नी हितं कुनी ठेवलं? तुमी चुकला का त्यांनी सांगितलं?”

मी ‘चुकले’ म्हटलं असतं तर महादेवराव पुन्हा शेडात गेले असते आणि घरातली बोलणी पूर्वीसारखी बंद राहिली असती. ‘त्यांनी सांगितलं’ म्हटलं तर ते वर्षभर खोटं बोलले हे माझ्या तोंडून सिद्ध होणार होतं. पण ती बाई एवढ्या उन्हात एसटीनं आली होती ती खोटं ऐकायला नव्हे.

“आधी शेडातच ठेवायला सांगितलं होतं,” मी म्हटलं. “मी ठेवलं होतं. मग त्यांनीच फोन करून तिथून काढायला लावलं.”

“म्हंजे आदी खोटं.”

“हो.”

“आन् हा हात? हा काय म्हंतोय?”

“थांब म्हणतोय. ‘तू थांब हितं मेंढरांपाशी, मी ताडपत्री आणतो.’ ते असंच म्हणाले मला.”

कमल खुर्चीवर बसली. देखाव्यातल्या फेटेवाल्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

“मी रोज सांगायची त्यास्नी,” ती म्हणाली. “आबाळ आलं की झाडाखाली थांबू नगा. कवा ऐकलं न्हाय माजं. कुनाचंच ऐकत न्हवतं. ह्यो एक धाकटा, शिकलेला, नोकरीवाला. त्यानं बस म्हनलं की बसायचं, ऊट म्हनलं की उटायचं.” तिनं त्या बारक्या तळव्याला बोट लावलं. “त्यानं थांब म्हनलं असंल तर ते थांबलं असत्याल. हलायचं न्हाईत तितनं. ईज आली तरी.”

मग ती म्हणाली, “खरं हाय हे.”

मी पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला. या वेळी तिनं घेतला.

“राग गेला का?” मी विचारलं. असलं विचारायचं नसतं, पण विचारलं.

“न्हाय. पर आता कशाचा राग, ते ठावं झालं.” पदरानं तोंड पुसून तिनं विजेकडे बोट केलं. “ही काडता येती का? मला घरात ठेवायचंय हे. पर ही रोज बगायची न्हाय.”

मी तारेच्या बुंध्याशी पकड धरली. तिनं माझा हात थांबवला आणि पकड स्वतःच्या हातात घेतली. बाहुलीला दुखू नये अशा बेतानं तिनं डाव्या हातानं बिरुदेवाला धरलं आणि उजव्या हातानं तार हळूहळू फिरवत बाहेर काढली. खांद्याला सुईएवढं भोक राहिलं. ते मी बुजवलं, घोंगड्याचा रंग लावला.

एक गोष्ट मात्र निघाली नाही. वीज खरी वाटावी म्हणून तिचा उजेड आजूबाजूच्या वस्तूंवर रंगवावा लागतो. दोन्ही भावांच्या चेहऱ्यांवर, त्या तळव्यावर, झाडाच्या खोडावर मी फिकट निळसर पांढऱ्या रंगाचा हात फिरवलेला होता. तो पुसायचा तर चेहरे पहिल्यापासून रंगवावे लागले असते. मी तसं तिला सांगितलं.

“राहू दे की,” ती म्हणाली. “पाटंचं उजाडल्यावानी दिसतंय.” आणि खोकं कडेवर घेऊन स्टँडकडे गेली.

त्यानंतर मी आठवड्याभर राक्षसांनासुद्धा वीज लावली नाही. पुण्याच्या दुकानदाराला सांगितलं, तार संपली आहे.

मग महादेवरावांचा फोन आला. ते बार्शीहून बोलत होते. वहिनीच्या हातात खोकं देऊन, तोंडातून एक शब्द न काढता ते गावातून निघाले होते आणि परत गेलेच नव्हते.

“आई फोनवर म्हनली, देखावा घरात हाय. पर त्यावर ईज न्हाय. मोडली का ओ ताई तिनं?” त्यांचा आवाज फार जपून येत होता. “रागानं मोडली का?”

“मोडली नाही. काढली. इथे येऊन, माझ्या टेबलावर.”

“तुमी काडली?”

“त्यांनी. मी नुसती पकड दिली.”

“जोरात वडली?”

“नाही,” मी म्हटलं. “तुमच्या दादाला एका हातानं धरून काढली. जपून.”

पलीकडे शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका उठला. मी फोन कानाला लावून थांबले.

“मग शनवारी जातो गावाला,” ते म्हणाले.